अध्यक्ष चुकले, आता काय? सोसायटीच्या पहिल्या सभेला जाणाऱ्यांसाठी

नव्या सोसायटीत राहायला आलात की पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा सप्टेंबरात समोर येते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ती घ्यावीच लागते, आणि बऱ्याच कमिट्यांना जाग शेवटच्या पंधरवड्यात येते. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलामागे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार, शेजारी वड्यांचा खोका. सभा सुरू होते आणि थोड्याच वेळात अध्यक्ष काहीतरी असं सांगतात की तुमच्या मनात येतं, अरे, हे तर चुकीचं आहे.

त्या क्षणी काय करायचं, त्यासाठी हा लेख आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्था गृहीत धरून लिहिलं आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या. अध्यक्ष हा पगारी अधिकारी नसतो. दिवसभर नोकरी करून किंवा निवृत्तीनंतर फावल्या वेळात सोसायटीचं काम ओढणारा तुमचाच शेजारी असतो. नियम त्याला आधीच्या अध्यक्षांनी तोंडी सांगितलेले असतात, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. त्यामुळे बऱ्याचशा चुका वारशाने आलेल्या असतात, त्यात लबाडी नसते. आणि सोसायटीच्या कारभारात टिकते ती गोष्ट म्हणजे इतिवृत्त, ज्याला सगळे मिनिट्स म्हणतात. सभेत कोण कोणाला काय बोललं ते लोक आठवड्यात विसरतात. कागदावर उमटलेला ठराव मात्र पुढची दहा वर्षं तुमच्या बिलात दिसत राहतो. म्हणून दुरुस्ती करायची ती कागदावरची. अध्यक्षांचा चेहरा पडला की नाही, हा हिशेब सोडून द्या.

पहिली पायरी : सभेआधीच तयारी

वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी मिळायला हवी, विशेष सर्वसाधारण सभेची पूर्ण ५ दिवस आधी. पूर्ण म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. नोटिशीसोबत विषयपत्रिका असते. मागच्या सभेचं इतिवृत्त, ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचा अहवाल हे कागद हाती आले नसतील तर मागून घ्या. लोक ते खुर्चीत बसल्यावर उघडतात आणि मग घाईघाईत भलताच आकडा धरून भांडतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी (बाय-लॉज, म्हणजे सोसायटीची नियमावली) मिळवा. नेटवर ‘आदर्श उपविधी’, म्हणजे शासनाने दिलेला नमुना, सहज सापडतात, पण सोसायटीला लागू असतात ते तिने स्वतः स्वीकारून नोंदवलेले. जुन्या इमारतींमध्ये ते जुन्या नमुन्याचे असू शकतात. डाउनलोड केलेली प्रत फडकवून बोलायला उभं राहायचं आणि सेक्रेटरींनी शांतपणे ‘आपले उपविधी वेगळे आहेत’ म्हणायचं, यासारखी फजिती नाही. इथे दिलेले आकडे आदर्श उपविधींतले आणि शासनाच्या आदेशांतले आहेत. तुमच्या प्रतीशी ताडून बघा.

हिशेबाबद्दल प्रश्न असेल तर तो चार दिवस आधी लेखी द्या. खजिनदाराला वर्षभरातल्या प्लंबरच्या बिलांची बेरीज तोंडपाठ नसते. त्याला सर्वांसमोर अडकवलंत तर तो उत्तर देण्याऐवजी चिडेल, आणि तुमचा खरा प्रश्न त्या चिडण्यात वाहून जाईल.

दुसरी पायरी : चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा

काही चुका फक्त जिभेच्या असतात. मागच्या वर्षाऐवजी यंदाचं साल, पाटलांऐवजी पाटकर, पन्नास हजारांऐवजी पाच हजार. समोरच्या कागदावर बरोबर छापलं असेल तर गप्प बसा. फार तर सेक्रेटरींकडे चिठ्ठी सरकवा. चिठ्ठी हे फार गुणी हत्यार आहे. अध्यक्ष स्वतःच ‘एक दुरुस्ती’ म्हणून सांगतात आणि सभा पुढे जाते.

दुसरी जात आकड्यांची आणि नियमांच्या माहितीची. इथे खरे पैसे जातात, म्हणून थोडं सविस्तर.

फ्लॅट भाड्याने दिला की लागणारा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घ्या. ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवा शुल्काच्या (बिलातला सफाई, पहारा, सामाईक वीज अशा कामांचा भाग) जास्तीत जास्त १० टक्के असू शकतो. अध्यक्ष जाहीर करतात, ‘बिलाच्या दहा टक्के.’ ऐकायला सारखंच वाटतं. पण तुमचं महिन्याचं बिल ४,५०० असेल आणि त्यात सेवा शुल्क २,००० असेल, तर एका वाक्याने २०० चे ४५० झाले.

थकबाकीवरच्या व्याजाचंही तसंच. उपविधीत कमाल २१ टक्के सरळ व्याज असतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र कोणीतरी दरमहा चक्रवाढीवर लावून ठेवलेलं असतं आणि अध्यक्ष प्रामाणिकपणे सांगतात की सगळं नियमाप्रमाणे आहे. १०,००० रुपये दोन वर्षं थकले तर सरळ व्याज ४,२०० होतं, दरमहा चक्रवाढीने साधारण ५,१६४. लिफ्टच्या बाबतीत चूक उलट बाजूने होते: ‘तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचा खर्च द्यायची गरज नाही.’ आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सर्व सदस्यांनी तो सारखा वाटून घ्यायचा असतो, लिफ्ट वापरा वा न वापरा. तुम्ही तळमजल्यावर राहत असाल तर ही चूक दाखवायला हात वर जाणार नाही, हे मी जाणून आहे.

तिसरी जात कार्यपद्धतीची. इथे कोरमचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीचा, घोळ सर्वाधिक होतो. नियम असा: एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांतला जो आकडा कमी असेल तो. ४८ सदस्यांच्या सोसायटीत २० पुरतात. पण २४ सदस्यांच्या इमारतीत दोन तृतीयांश म्हणजे १६ होतात, आणि तिथे अध्यक्ष ‘वीस झाले नाहीत’ म्हणून सोळा-सतरा माणसांना ताटकळत ठेवतात किंवा परत पाठवतात. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते. नोटिशीत तशी वेळ दिली असेल तर त्याच दिवशी नंतर, नाहीतर ७ ते ३० दिवसांत ती पुन्हा भरते, आणि त्या तहकूब सभेला कोरम लागत नाही. मात्र तिथे फक्त मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. हे शेवटचं वाक्य सोयीस्करपणे विसरलं जातं.

पुनर्विकासाची सभा असेल तर २० चा हिशेब चालत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश उपस्थिती सांगितली आहे आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरणही. अध्यक्ष तिथे नेहमीच्या सवयीने ‘वीस आहेत, सुरू करू’ म्हणाले तर ते लगेच सांगायलाच हवं, कारण पुढे करोडोंचे करार त्या सभेवर उभे राहणार असतात.

चौथी आणि सर्वांत गंभीर जात म्हणजे सभेला जो अधिकारच नाही तो वापरणं. ‘सर्वसाधारण सभा सर्वोच्च आहे, सभेने मंजूर केलं म्हणजे झालं’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकाल. अर्धं खरं आहे. सभा सर्वोच्च आहे, पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, त्याखालचे नियम आणि उपविधी यांच्या चौकटीत. फ्लॅट विकताना घ्यायच्या हस्तांतरण प्रीमियमवर २५,००० रुपयांची मर्यादा असताना सभेने एकमुखाने एक लाख ठरवला, तरी तो ठराव कायद्यासमोर टिकत नाही.

तिसरी पायरी : बोलायची वेळ निवडा

कार्यपद्धतीची चूक ताबडतोब सांगायची. कोरम नाही हे दोन तास बसून, वडा खाऊन, शेवटी आपल्याला न पटलेला ठराव झाल्यावर सांगितलंत तर लोक तुमच्याकडे कसे बघतील ते बघालच. आकड्याची चूक तो विषय चर्चेला आल्यावर, पण मतदानाआधी. ‘मंजूर, मंजूर’ असा गजर झाला आणि सेक्रेटरींनी सूचक-अनुमोदकांची नावं लिहून घेतली की दार बरंचसं बंद होतं. म्हणून पुढच्या दोन-तीन रांगांतच बसा. मागच्या रांगेतून उठणारा आवाज टेबलापर्यंत पोचेपर्यंत विषय बदललेला असतो.

चर्चा तापली असेल तर थोडं थांबा. अध्यक्षांचं आणि दुसऱ्या विंगमधल्या एखाद्या सदस्याचं जुनं भांडण चालू असताना तुम्ही मध्ये अचूक नियम सांगितलात तरी तो कोणाच्या तरी बाजूचा समजला जाईल. नव्या माणसाला एकदा बाजू चिकटली की निघत नाही.

चौथी पायरी : कसं बोलायचं

उभं राहा, नाव आणि फ्लॅट नंबर सांगा. संबोधन ‘अध्यक्ष साहेब’ किंवा ‘अध्यक्ष मॅडम’. जिन्यात तुम्ही त्यांना काका म्हणत असाल, सभेत नको. काका म्हटलं की तुम्ही पुतणे झालात, आणि पुतण्याने हिशेब विचारायचा नसतो!

‘तुम्ही चुकताय’ ने सुरुवात करू नका. ‘घोटाळा’ हा शब्द तर हातात पुरावा असला तरी सभेत काढू नका. तो निघाला की आकडा बाजूला राहतो आणि पुढचा अर्धा तास ‘शब्द मागे घ्या’ मध्ये जातो. प्रश्न विचारा, आणि कागदाचं पान दाखवून विचारा:

‘अध्यक्ष साहेब, मी बी-३०४. अहवालाच्या पान सहावर दुरुस्ती खर्च तीन लाख दहा हजार दिसतोय, आत्ता आपण दोन लाख म्हणालात. यातला कोणता धरायचा?’

‘नॉन-ऑक्युपन्सी चार्ज एकूण बिलावर की फक्त सेवा शुल्कावर? माझ्या समजुतीप्रमाणे आदेशात सेवा शुल्क आहे. सेक्रेटरींनी एकदा बघितलं तर बरं होईल.’

‘हरकतीचा मुद्दा आहे. हा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. आज चर्चा करू, पण निर्णय विशेष सभेत घ्यावा अशी विनंती.’

तिसऱ्या वाक्याची गरज तुम्हाला सर्वाधिक पडेल. विषयपत्रिकेच्या तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ अशी एक ओळ असते आणि त्या ओळीतून कधी कधी हत्ती आत येतो: नवी लिफ्ट, सीसीटीव्ही, लाखो रुपयांचं रंगकाम. जे सदस्य आले नाहीत त्यांना हा विषय येणार हे माहीतच नव्हतं, हा तुमचा मुद्दा. रंग कोणता हवा, कंत्राटदार कोण, यात शिरू नका, नाहीतर तुम्ही रंगकामाच्या विरोधातले ठराल.

प्रश्न विचारून झाला की खाली बसा. लोक इथेच घसरतात. मुद्दा पोचलेला असतो, अध्यक्ष उपविधी चाळत असतात, आणि आपण उभ्या उभ्या आणखी तीन उदाहरणं देत राहतो. शक्य असेल तर अध्यक्षांना वाट काढून द्या: ‘आत्ता उत्तर नसेल तर पंधरा दिवसांत तपासून नोटीस बोर्डावर लावलं तरी चालेल. फक्त तशी इतिवृत्तात नोंद घ्यावी.’ सर्वांसमोर ‘हो, मी चुकलो’ म्हणणं फार कमी जणांना जमतं. ‘तपासून कळवतो’ म्हणणं कोणालाही जमतं, आणि तुमचं काम तेवढ्याने होतं.

आणि अध्यक्षच बरोबर होते असं निघालं तर? ‘ठीक आहे, माझा समज वेगळा होता, धन्यवाद’ एवढं म्हणून बसा. असं सहज मान्य करणाऱ्या माणसाचं पुढचं बोलणं लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात.

पाचवी पायरी : ऐकलंच नाही तर

कधी कधी अध्यक्ष ‘आपण नवीन आहात, आमच्याकडे असंच चालतं’ म्हणून पुढे जातात. वाद वाढवू नका. दोनच मागण्या करा. पहिली, आवाजी मंजुरी न घेता हात मोजावेत. दुसरी, विरोधात माझं नाव नोंदवावं. दोन्ही मागण्या सेक्रेटरींकडे बघून करा, कारण लेखणी त्यांच्या हातात असते.

मोजणी होत असेल तर मतं कोणाची धरली जातात ते बघा. एका सदस्याला एकच मत, आणि स्वतः हजर राहूनच. परगावी असलेल्या भावाचं मुखत्यारपत्र दाखवून मत देता येत नाही. समसमान मतं पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असतं. ते त्यांनी वापरलं तर ती चूक नाही, हेही माहीत असू द्या.

रागाने उठून जाऊ नका. निघून गेलेल्या माणसाचं मत जातं, आणि ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिणं आणखी सोपं होतं. हजेरीपटावर सही आल्याबरोबर करा. ती तुम्ही तिथे होतात याचा पुरावा आहे. सभेला गेला नसाल तर नंतर कोणी रजिस्टर घरी घेऊन आलं तरी सही करू नका, शेजारधर्म म्हणूनही नाही. तुमच्या सहीने न झालेला कोरम पुरा होतो.

मोबाईलवर गुपचूप चित्रीकरण करू नका. हवंच असेल तर सभेच्या सुरुवातीला उघड परवानगी मागा.

सहावी पायरी : सभेनंतरचा कागद

माझ्या मते खरं काम इथे होतं, आणि नव्वद टक्के लोक इथेच थांबतात. सभेत तावातावाने बोललेले सदस्य दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकतात, त्यावर अंगठे येतात, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचे केक येतात, संपलं. ग्रुप म्हणजे सोसायटीचं दप्तर नव्हे.

दोन-तीन दिवसांत सेक्रेटरींच्या नावे अर्ध्या पानाचं पत्र द्या. दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ऑफिस बंद असेल तर ईमेल करा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. मजकूर एवढाच पुरतो:

‘अमुक तारखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्र. ५ वर मी असा मुद्दा मांडला की नॉन-ऑक्युपन्सी चार्ज फक्त सेवा शुल्कावर आकारला जावा. अध्यक्षांनी तपासून कळवण्याचे मान्य केले. ठरावाच्या विरोधात मी मत दिले. कृपया इतिवृत्तात याची नोंद घ्यावी.’

विशेषणं नकोत, मागच्या वर्षीचं पाणी प्रकरण नको, ‘मी कोर्टात जाईन’ नको. दोन वर्षांनी हे पत्र तिसऱ्याच माणसाने वाचलं तरी त्याला काय घडलं ते कळलं पाहिजे.

आदर्श उपविधींप्रमाणे सभेनंतर तीन महिन्यांच्या आत कमिटीने कच्चं इतिवृत्त तयार करायचं आणि मग ते सदस्यांना पाठवायचं असतं, आणि त्यावर सूचना-हरकती द्यायला १५ दिवस मिळतात. ती प्रत आली की तुमचा विषय शोधून वाचा. मुद्दा गाळला असेल किंवा ‘एका सदस्याने शंका विचारली, तिचे समाधान करण्यात आले’ असं गुळगुळीत वाक्य असेल, तर आधीच्या पत्राची प्रत जोडून लेखी हरकत द्या. प्रत आलीच नाही तर लेखी मागा. कायद्याने सदस्याला सोसायटीची ठरावीक कागदपत्रं पाहण्याचा आणि फी भरून त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे.

बऱ्याचदा गोष्ट इथेच मिटते. पुढच्या महिन्याचं बिल निमूटपणे दुरुस्त होऊन येतं, कोणी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

सोसायटीबाहेर कधी जायचं

जिभेच्या किंवा किरकोळ चुकांसाठी कधीच नाही. बेकायदा ठराव झाला, लेखी पत्रांना उत्तर नाही, आणि वसुली सुरू झाली, तर तुमच्या विभागाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करता येते. सोबत नोटीस, विषयपत्रिका, तुमची पत्रं आणि इतिवृत्त लागतं, म्हणूनच आधीची पायरी एवढी ताणली. सभेचा ठरावच रद्द करून हवा असेल तर तो सहसा सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खालचा वाद ठरतो आणि सहकार न्यायालयात जातो. त्यासाठी वकील, वेळ आणि पैसा लागतो. महिन्याला अडीचशे रुपयांच्या फरकासाठी एकट्याने जाण्याआधी तेच बिल भरणारे आणखी कोण आहेत ते बघा. सहा जणांच्या सह्यांचं पत्र मिळाल्यावर कमिटी अनेकदा कोर्टाआधीच बसून बोलायला तयार होते.

हे काहीच करायचं नसेल, तरी एक संधी उरते. पुढच्या वार्षिक सभेत सुरुवातीलाच ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय येतो. सगळे अजून खुर्च्या ओढत असतात आणि तो अर्ध्या मिनिटात मंजूर होतो. त्या दिवशी वेळेवर जा, शिक्का मारलेली प्रत बरोबर ठेवा, आणि अध्यक्षांनी ‘कायम करायचं ना?’ विचारलं की हात वर करा.